काळ्याआधी तपकिरी: रोजच्या स्मोकी डोळ्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नुकतीच नोकरीला लागले आहे. ऑफिसला जाताना हलके स्मोकी डोळे, म्हणजे कडेला धुरासारखा विरत जाणारा गडद रंग, करायला शिकते आहे. पण काळी आयशॅडो लावली की डोळ्याला मार लागल्यासारखं दिसतं. कुठे चुकतंय? (एक वाचक, जुळे सोलापूर)

तुमच्या हातापेक्षा रंगाची निवड जास्त चुकली आहे. काळी आयशॅडो जिथे टेकते तिथेच धरून बसते आणि पसरवायला गेलं की तिचा करडा धब्बा भुवईपर्यंत चढतो. रोजच्या स्मोकीत काळं फक्त पापणीच्या केसांच्या मुळाशी हवं. बाकी सगळं काम तपकिरीचं.

सामान थोडंच लागतं. एक काळी काजळ पेन्सिल आणि मस्करा. दोन मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, शेड : एक तुमच्या त्वचेहून थोडी गडद, दुसरी कॉफीच्या रंगाची. दोन ब्रश : एक फुगीर आणि मऊ, एक बारीक टोकाचा. अठरा रंगांची पॅलेट आत्ता घेऊ नका. पैसे वाचवायचे तर शेडमध्ये वाचवा, फुगीर ब्रश मात्र चांगलाच घ्या. टोचऱ्या केसांच्या ब्रशने रंग पसरत नाही, नुसते ओरखडे उमटतात. त्वचा गव्हाळ किंवा सावळी असेल तर करडी शेड टाळा. फिकट करड्या शेडमधल्या पांढऱ्या रंगामुळे पापणी राख फासल्यासारखी दिसते. चॉकलेटी, तांबूस तपकिरी किंवा वांगी रंग खुलतो.

आधी मुगाच्या दाण्याएवढं कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) दोन्ही पापण्यांवर मिळून बोटाने थोपटा आणि वर अगदी थोडी पावडर लावा. ओलसर पापणीवर आयशॅडोचे चट्टे पडतात, म्हणून पावडर चुकवू नका. मग फुगीर ब्रशवर दोन्हीतली फिकी शेड घ्या, ब्रश झटका आणि डोळा उघडा ठेवून, आरशात समोर बघत, पापणीच्या घडीच्या दोन-तीन मिलिमीटर वर गाडीच्या वायपरसारखा डावी-उजवीकडे फिरवा. डोळा मिटून लावलेला रंग डोळा उघडला की घडीत गडप होतो. मग तुम्ही आणखी लावता आणि तिथेच बिघडतं.

आता काजळ. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, बाहेरच्या कोपऱ्यापासून आत दोन तृतीयांशापर्यंत, साधारण दोन मिलिमीटर जाड रेघ ओढा. एका डोळ्याचं काजळ बारीक ब्रशने लगेच पसरवा, मगच दुसऱ्या डोळ्याला हात लावा. जास्त वेळ टिकणारी काजळं मिनिटभरात सुकून घट्ट बसतात, नंतर हलत नाहीत. त्या रेघेवर कॉफी शेड दाबून बसवा, घासू नका.

यापुढची पायरी बहुतेक जणी घाईत सोडतात : फुगीर ब्रश पुसून, कुठलीही शेड न घेता, रंग जिथे संपतो तिथे हलक्या हाताने फिरवत राहा. कड कुठे आहे ते सांगता येईनासं झालं की थांबा. स्मोकी म्हणजे हेच, धुरासारखं विरत जाणं. रंग किती गडद, हा प्रश्न त्यानंतरचा. ब्रशवर उरलेली शेड खालच्या पापणीच्या बाहेरच्या एक तृतीयांश भागाला पुरते. शेवटी वर मस्कराचा एक हात.

गडद झालं तर पाणी लावून पुसू नका, काळं सगळीकडे पसरेल. कडेवर थोडी फिकी शेड फिरवा. फाउंडेशन डोळे झाल्यावरच लावा, म्हणजे गालावर पडलेले कण सहज पुसता येतात. आणि सराव सकाळच्या घाईत नको. पंधरा दिवस रात्री तोंड धुण्याआधी करा, बिघडलं तरी चेहरा धुवायचाच असतो.

प्रश्न : उन्हाळ्यात दुपारपर्यंत काजळ डोळ्यांखाली उतरतं. गाडीवर स्कार्फही बांधावा लागतो. (एक वाचक, होटगी रोड)

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. घाम आणि त्वचेचं तेल काजळातलं मेण सैल करतात, म्हणून ते खाली उतरतं. या दोन महिन्यांत खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ नकोच. स्कार्फची कड नेमकी डोळ्यांखाली घासते, तेव्हा खालची आयशॅडोही वगळा. वरचं तेवढं ठेवा. डोळ्यांखाली क्रीम किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर ते मुरायला दहा मिनिटं द्या आणि वर पावडर थोपटा. पोहोचल्यावर घाम टिश्यूने टिपा. घामावरच पावडर लावली तर तिच्या गुठळ्या होतात.

प्रश्न : कॉन्टॅक्ट लेन्स लावते. गड्ड्याच्या यात्रेला जाताना संध्याकाळी थोडं गडद चालेल का?

चालेल. कॉफी शेडचा आणखी एक थर द्या, पण चमकी नको. तिचे कण लेन्सखाली गेले तर बुबुळाला ओरखडे पडू शकतात. यात्रा भरते त्या होम मैदानावर धूळही असतेच. मेकअपआधी हात धुऊन लेन्स घाला, परतल्यावर आधी लेन्स काढा, मग मेकअप. डोळा चुरचुरला तर तिथेच लेन्स काढता यावी म्हणून डबी, द्रावण आणि चष्मा जवळ ठेवा.

प्रश्न : घरी दिव्यावर धरलेलं काजळ वापरलं तर? आणि रात्री काढायचं कशाने?

घरचं काजळ डोळ्यांत घालू नका, ते निर्जंतुक नसतं. सुट्या सुरम्यापासूनही लांब राहा, काही सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे. काढताना कापसावर मायसेलर वॉटर (मेकअप काढायचं पाण्यासारखं द्रावण) घेऊन मिटलेल्या डोळ्यावर पंधरा सेकंद धरा, मग खाली ओढत पुसा. वॉटरप्रूफ काजळाला खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात. नंतर फेसवॉशने तेल धुऊन टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशीची शेड त्यावर बसणार नाही. मस्करा उघडल्यापासून तीन महिन्यांनी बदला. काजळ आणि मस्करा बहिणीलाही वापरायला देऊ नका.