सोलापुरात प्लग-इन हायब्रिड गाडी परवडेल का?
प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी असलेली गाडी, घेतली तर जुळे सोलापुरात राहून रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याचे पैसे वसूल होतील का, असा आपला प्रश्न आहे. अशा गाडीच्या मालकांचे समाधान मला तरी रोज रात्री चार्जिंग करण्याच्या एकाच सवयीवर अवलंबून दिसते. अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या २०२३ च्या प्लग-इन प्रियसची १३.६ किलोवॅट-तासांची बॅटरी एका चार्जमध्ये सुमारे ७० किलोमीटर चालते, म्हणजे अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जाताना पेट्रोल जवळजवळ लागणारच नाही. मात्र मे महिन्यातल्या उन्हात एसी लावला की हा पल्ला घटतो. पार्किंगमध्ये स्वतःचे पंधरा अँपियरचे सॉकेट नसेल, तर नुसते बॅटरीचे ओझे वाहण्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? आपल्याकडच्या इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटारा हायब्रिड असल्या, तरी त्यांना बाहेरून चार्ज करता येत नाही, हे बुकिंगपूर्वी जरूर ध्यानात घ्यावे.