पैशाचे प्रश्न : रक्कम छोटी, फी मोठी

प्रश्न : माझा भाचा बोटीवर असतो. २०१३ साली सुट्टीवर आला तेव्हा त्याने माझ्या कॉम्प्युटरवर बिटकॉइनचं वॉलेट टाकून दिलं आणि त्यात अर्धं बिटकॉइन ठेवलं. महिनाभराने ते मी त्याला परत पाठवलं, फी शून्य. पुढे काही वर्षं तो मला अधूनमधून थोडं थोडं पाठवत राहिला. परवा ते सगळं एकदम दुसरीकडे पाठवायला गेलो, तर वॉलेटने दाखवलेली फी बघून हात आखडला. हाताने कमी फी टाकली, तर व्यवहार दोन दिवस लटकलाय. आमच्या वाडीतल्या एका मुलाने त्याच दिवशी माझ्या दसपट रक्कम पाठवली आणि त्याला फी माझ्यापेक्षा कमी लागली. मोठ्या गिऱ्हाइकाला सवलत असते का? हे दर ठरवतं कोण?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : सवलत वगैरे काही नाही. त्या मुलाची रक्कम किती होती हे कुणी बघितलंच नाही. माझी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. तिथे डीडीचं कमिशन रकमेच्या टप्प्यांवर ठरायचं, त्यामुळे आपल्या पिढीच्या डोक्यात ‘जितकी रक्कम तितकं कमिशन’ हेच बसलंय. बिटकॉइनची फी मात्र जागेची असते. देवगडहून वाशीला निघणाऱ्या आयशरमध्ये भाडं पेटीमागे लागतं, पेटीत पहिल्या तोडीचा हापूस आहे की डागी माल, याच्याशी ड्रायव्हरला देणंघेणं नसतं. तसंच हे. साधारण दहा मिनिटांनी व्यवहारांचा एक गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, सुटतो, त्यात जागा ठरावीक, आणि तुमच्या व्यवहाराने किती बाइट जागा अडवली त्यावर हिशोब.

आता तुमच्या व्यवहाराने जागा जास्त का अडवली? वॉलेटमध्ये शिल्लक एकच आकडा दिसतो, पण आत भाच्याने पाठवलेला प्रत्येक तुकडा वेगळा पडलेला असतो. खर्च करताना प्रत्येक तुकड्याचा वेगळा उल्लेख आणि वेगळी सही लागते. त्या मुलाकडे बहुधा एकच मोठा तुकडा असणार. आजच्या पद्धतीच्या पत्त्यावरचा एक तुकडा खर्च केला तर फीच्या हिशोबात व्यवहार होतो साधारण १४१ बाइटचा. दहा तुकडे जोडले की तोच ७५० च्या घरात जातो. तुमचं वॉलेट जुन्या पद्धतीचं असेल तर याहूनही मोठा. फी मोजतात सातोशीत, एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी. समजा बिटकॉइन ८० लाख रुपयांना आहे, म्हणजे एक सातोशी ८ पैशांना. दर बाइटला ५ सातोशी असेल त्या दिवशी त्या मुलाला ५६ रुपये पडतील आणि तुम्हाला ३०० रुपये. गर्दीच्या दिवशी दर २०० वर गेला, तर त्याला सव्वादोन हजार आणि तुम्हाला १२ हजार. रक्कम मध्ये कुठेच आली नाही.

दर कुणीही ठरवत नाही. तुम्ही बोली लावता, ब्लॉक भरणारा, म्हणजे मायनर, जास्त बोलीचे व्यवहार आधी उचलतो. वॉलेट दाखवतं तो त्या घटकेच्या गर्दीचा अंदाज.

पण २०१३ चं फुकट गेलं ते कसं, हा तुमच्या पत्रातला खरा मजेशीर भाग. त्या काळी बिटकॉइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘प्रायॉरिटी’ नावाचं गणित होतं. नाणी किती आणि ती किती काळ न हलता पडून आहेत, यांचा गुणाकार करायचा आणि व्यवहाराच्या बाइटने भागायचं. उत्तर ५ कोटी ७६ लाखांच्या वर गेलं की फुकट जायला तुम्ही पात्र. हा विचित्र आकडा आला कुठून? एक बिटकॉइन, म्हणजे १० कोटी सातोशी, एक दिवस पडून राहिलं, म्हणजे १४४ ब्लॉक उलटले, आणि व्यवहार २५० बाइटचा आहे: करा गुणाकार-भागाकार, बरोबर तेवढेच येतात. तुमचं अर्धं बिटकॉइन महिनाभर पडून होतं, म्हणजे उंबरठ्याच्या साधारण पंधरापट. अशा जुन्या, मुरलेल्या नाण्यांसाठी ब्लॉकमध्ये थोडी जागा राखीव असे. २०१४ च्या आवृत्तीत ती ५० हजार बाइट होती, तेव्हा पूर्ण ब्लॉक असायचा जास्तीत जास्त १० लाख बाइटचा. बाकीच्यांना किमान फी होती, तीही भाव चढेल तशी खाली आणली गेली: सुरुवातीला ०.०१ बिटकॉइन, २०११ मध्ये ०.०००५, २०१३ मध्ये ०.०००१.

लक्षात घ्या, ही राखीव जागा बिटकॉइनच्या मूळ कायद्यात कधीच नव्हती. व्यवहार वैध की अवैध हे सगळ्या नेटवर्कने पाळायचे नियम ठरवतात. आधी कुणाला घ्यायचं हे जो तो मायनर ठरवतो. सॉफ्टवेअर फक्त एक रीत घालून देतं. ब्लॉक अर्धे रिकामे जात होते तोवर ती रीत कुणाला जड गेली नाही. मग गर्दी वाढली आणि दुसरीकडे ब्लॉकबद्दल मायनरला नव्या नाण्यांत मिळणारं मूळ बक्षीसही आटत गेलं: ब्लॉकमागे ५० होतं ते २०१२ मध्ये २५, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा, २०२४ मध्ये ३.१२५. फुकट्यांना जागा कोण देणार? फेब्रुवारी २०१६ च्या आवृत्तीत ही राखीव जागा मुळातच शून्य ठेवली गेली, आणि २०१७ मध्ये ते गणितच काढून टाकलं. मला विचाराल तर बरं झालं. ज्याच्याकडे जास्त आणि जुनी नाणी त्याला फुकट, ही सोय काही गरिबाची नव्हती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेगविट नावाची सुधारणा आली. सह्यांचा मजकूर एक चतुर्थांश वजनाने मोजायला लागले, म्हणून नवीन पद्धतीच्या पत्त्यांना फी कमी पडते. तरीही त्या डिसेंबरात सरासरी फी ५० डॉलरवर गेली होती. २० एप्रिल २०२४ ला बक्षीस निम्मं झालं त्या पहिल्याच ब्लॉकमध्ये लोकांनी फीपोटी ३७ बिटकॉइनच्या वर मोजले. त्यात बिटकॉइनवरच नव्याने निघालेली टोकन (छोटी डिजिटल नाणी) काढणाऱ्यांची झुंबड होती. एरवी बाइटला एक-दोन सातोशीत जाणारे दिवसही असतात. इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोची रीत वेगळी. तिथे ऑगस्ट २०२१ पासून मूळ फी गर्दीनुसार आपोआप चढते-उतरते आणि जाळून टाकली जाते, वर फक्त टिप देता येते.

तुमचा लटकलेला व्यवहार: वॉलेटमध्ये ‘फी वाढवा’ असा पर्याय असला तर तो वापरा. तेच तुकडे, जास्त फी, नवीन व्यवहार जुन्याची जागा घेतो. २०१६ पासून त्यासाठी व्यवहार पाठवतानाच ‘पुढे बदलू शकतो’ अशी खूण करावी लागे; २०२४ मध्ये आलेल्या बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरच्या २८ व्या आवृत्तीपासून मुळातच खुणेची अट धरत नाहीत. तो पर्याय नसेल तर ज्याला पैसे यायचेत तो ते न पोचलेले पैसेच भरपूर फीवर पुढे पाठवू शकतो; मायनर दोघांना मिळून उचलतो. आणि काहीच केलं नाहीत तर साधारण दोन आठवड्यांत नेटवर्क तो व्यवहार विसरतं, नाणी तुमचीच. ती हललेलीच नसतात. पुढच्या वेळी मात्र दर पडलेला असेल त्या दिवशी, बहुतेक वेळा शनिवार-रविवारी, सगळे तुकडे स्वतःलाच पाठवून एक करून ठेवा.

प्रश्न : विकताना गेलेली नेटवर्क फी नफ्यातून वजा करता येते का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, वर सेस, आणि खरेदीची किंमत सोडून कुठलीही वजावट नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वळता होत नाही.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका माणसाच्या सांगण्यावरून मी क्रिप्टोत पैसे गुंतवले. ॲपमध्ये नफा दिसतोय, पण काढायला गेले की ‘व्यवहार मायनरकडे अडकलाय, १८ हजार प्रायॉरिटी फी भरा’ असं येतं. यूपीआयचा क्यूआर पाठवलाय. भरू का?
— एक वाचक, दापोली

उत्तर : ताई, एक रुपयाही भरू नका. नेटवर्कची फी व्यवहारातच, क्रिप्टोतच कापली जाते. ती यूपीआयवर मागणारा मायनर जगात नाही. १८ भरलेत की ४० मागतील, मग ‘कर’ म्हणून आणखी. ॲपमधला नफा म्हणजे स्क्रीनवर टाईप केलेला आकडा. आजच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, आधी पाठवलेल्या प्रत्येक रकमेचा यूटीआर (बँक व्यवहाराचा) नंबर हाताशी ठेवा, आणि ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी चॅटचे स्क्रीनशॉट काढा. बँकेलाही लगेच लेखी कळवा, पोचपावती घ्या.