“मला कोणी काही सांगतच नाही!”

जळगावच्या एमआयडीसीतले उद्योजक माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येतात ते झोप लागत नाही, बीपी वाढलंय, घरात चिडचिड होते म्हणून. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाऱ्हाणं मात्र एकच निघतं. “मॅडम, कितीही करा, माणसं आपली होत नाहीत.” मग तो चटईचा कारखाना असो, पाइपचा असो की डाळ मिल. म्हणून एका डाळ मिलच्या मालकांबद्दल लिहिते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

त्यांनी काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. ऑफिसात ‘आपण सारे एक कुटुंब’ असा फलक, वाढदिवसाला केक, हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी. (पगार वेळेवर होतो ना, हे मी आधी विचारून घेतलं. तो होत नसेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नसतो.) तरीही अवकाळी पावसात आवारात वाळत घातलेली तूर भिजली.

“ताडपत्री नव्हती?”

“होती की! पण फाटलेली. दिवाळीपासून फाटलेली, म्हणे. मुकादमाला माहीत, हमालांना माहीत, वॉचमनला माहीत. मलाच पत्ता नाही.”

मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला. “याआधी कोणी बिघाड सांगायला आलं, तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं?”

ते बराच वेळ समोरच्या बाटलीचं झाकण उघडत-लावत बसले. “चिडलो की अहिराणीच येते, मॅडम. ‘हाई कोनी करं रे?’”

“आणि तेव्हा समोर कोण असतं?”

“जो सांगायला आला तो.”

मी मुद्दाम काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकानं बोलण्याचा मोह आवरला तर निम्मं काम होतं. झाकण टेबलावर ठेवून ते म्हणाले, “म्हणजे मीच शिकवलं त्यांना, सांगू नका म्हणून.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेनं जाणारी. राग घटनेमुळे कमी आणि आपल्या हट्टामुळे जास्त येतो, असं मी मानते. यांचा हट्ट होता, ‘माझ्या मिलमध्ये चूक होताच कामा नये.’ असा हट्ट धरला की चुका थांबत नाहीत, लपतात. अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधचुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं निष्काळजी नव्हती, मोकळेपणी सांगत होती. कामाच्या ठिकाणचं वातावरण फलकावरून ठरत नाही. वाईट बातमी आल्यावर पहिल्या मिनिटात साहेब कसे वागतात, ते सगळे बघत असतात आणि त्यावरून आपलं वागणं ठरवतात.

आम्ही बदलला तो एवढाच पहिला प्रश्न. ‘काय व्हयनं? आते काय करूत?’ म्हणजे काय झालं, आता काय करू या. ‘कोणी केलं’ हे दुसऱ्या दिवशी, केबिनचं दार लावून. तेही सोडून द्यायचं नाही. एकच माणूस तीच हयगय पुन्हा पुन्हा करत असेल आणि मालक गोड बोलत राहिला, तर नीट काम करणारे आधी खट्टू होतात. शिवाय मालकानं स्वतःची एखादी चूक सगळ्यांसमोर सांगायची. हे त्यांना सर्वांत जड गेलं. पण एका सकाळी चहाच्या वेळी त्यांनी सांगून टाकलं, की ओलावा न तपासता तूर घेतली ती मीच. दुपारी मशीनवरचा मुलगा येऊन म्हणाला, “भाऊ, रोलरचा आवाज बदललाय, डाळ तुटतेय. चुनी जास्त पडतेय.” त्यांनी मला तिथूनच फोन केला. असे फोन मला आवडतात.

पुढच्या भेटीत नवीन तक्रार. “आता दिवसभर सांगतच असतात! जेवायलाही बसू देत नाहीत.” मग मुकादमानं किती रुपयांपर्यंतची खरेदी न विचारता करावी, ते आम्ही ठरवलं. ताडपत्री त्यात बसेल एवढी रक्कम धरली.