शिम लावून मवाळ सेफ्टी रेझर थोडा जहाल करता येतो का?

येतो. तुम्ही लिहिलंय की रेझर तीन भागांचा आणि फार मवाळ आहे, हनुवटीखाली दोनदोनदा हात फिरवूनही खुंट बोटांना लागतात, नवा रेझर इतक्यात घ्यायचा नाही, आणि कुणीतरी जुन्या ब्लेडचा शिम, म्हणजे ब्लेडखाली घालायचा पातळ पत्रा, घालून बघा असं सुचवलंय. करून बघण्यासारखं आहे. फक्त ब्लेड कोणतं आणि ते किती दाढ्या जुनं आहे, हे तुम्ही सांगितलेलं नाही. आधी वेगळ्या कंपनीचं नवं कोरं ब्लेड घालून त्याच रेझरने दाढी करा. एकच रेझर एका ब्लेडवर नुसता खरवडतो आणि दुसऱ्यावर सुरेख चालतो, हे बऱ्याचदा होतं. बोथट ब्लेडखाली शिम घातला तर तेच बोथट ब्लेड जास्त बाहेर येईल, आणि आग मात्र जास्त होईल.

ब्लेड बदलूनही फरक पडला नाही, तर शिम.

तो नेमकं काय करतो ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे घालायचा याचा गोंधळ होणार नाही. रेझरचं डोकं तीन थरांचं असतं: वर कॅप, मध्ये ब्लेड, हँडलच्या बाजूला बेस प्लेट. बेस प्लेटच्या कडेला जी पट्टी किंवा दाते असतात ते गार्ड. धार आणि गार्ड यांच्यातली फट म्हणजे गॅप. आता कॅपची कड आणि गार्ड या दोघांना टेकणारी एक सरळ रेष मनात ओढा. धार त्या रेषेच्या कितपत बाहेर डोकावते किंवा आत राहते, ते एक्स्पोजर. मवाळ रेझरमध्ये धार बहुधा या रेषेवर किंवा किंचित आत असते.

शिम ब्लेड आणि बेस प्लेट यांच्यामध्ये घातला की ब्लेड कॅपलाच चिकटलेलं राहतं, पण बेस प्लेट शिमच्या जाडीइतकी हँडलकडे सरकते. गार्ड खाली गेला, त्यामुळे गॅप वाढली. रेषेचं गार्डकडचं टोक खाली गेलं, त्यामुळे धार रेषेबाहेर आली, म्हणजे एक्स्पोजरही वाढलं. संग्राहक ज्याला ‘फॅटबॉय’ म्हणतात त्या जिलेटच्या जुन्या रेझरवर १ ते ९ आकड्यांची चकती आहे. ती फिरवली की हाच गार्ड वरखाली होतो. रॉकवेल ६एस या रेझरमध्ये तेच काम वेगवेगळ्या बेस प्लेटा करतात. शिम म्हणजे ती चकती हाताने बनवण्याचा प्रकार, इतकंच.

दुधारी ब्लेडची जाडी ०.१ मिमी असते, त्यामुळे जुन्या ब्लेडच्या एका शिमने गॅप साधारण तेवढीच वाढते. ऐकायला हे नगण्य वाटतं, पण तुमच्या रेझरची मूळ गॅप ०.५ मिमी असेल तर ही वीस टक्के वाढ झाली, आणि दाढीचा केससुद्धा जवळपास एवढ्याच जाडीचा असतो. म्हणून एका शिमने सुरुवात करा आणि काही दाढ्या त्यावरच काढा. दोन शिम म्हणजे जवळजवळ वेगळाच रेझर. तीन घालणारेही आहेत. माझ्या मते तिथवर जावं लागत असेल तर मुळात रेझरच दुसरा हवा.

आता ज्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही ती बाब. शिम किती जाड असावा हे सगळे विचारतात, किती रुंद असावा हे क्वचितच कुणी विचारतं. शिम लावून खडखड झाली, ओरखडे आले, अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा रुंदीबद्दल विचारतो. बऱ्याच बेस प्लेटा अंतर्गोल असतात आणि ब्लेडला मुख्यतः बाहेरच्या कडेजवळच्या उंचवट्यावर दाबून धरतात. त्या आधारामुळेच केसावर आदळताना धार थरथरत नाही. शिम अरुंद कापला आणि तो त्या उंचवट्यापर्यंत पोचलाच नाही, तर ब्लेड मधोमध उचललं जातं आणि कडेला अधांतरी राहतं. मग धार केस कापताना वाकते, सुटते, पुन्हा वाकते. त्या थरथरीने गाल सोलवटतो आणि खापर गॅपवर फुटतं. शिम पुरेसा रुंद असेल तर ब्लेड कडेपर्यंत घट्ट धरलं जातं आणि वाढलेली गॅपही बरीच सौम्य वाटते.

मग किती रुंद? ब्लेडच्या दोन्ही बाजूंची धार लावलेली चकचकीत पट्टी पूर्ण जाईल आणि त्याहून थोडंसंच जास्त, एवढंच कापा. मूळ ब्लेड सुमारे २२ मिमी रुंद असतं. दोन्हीकडून सारखंच कापलं गेलं पाहिजे, नाहीतर रेझरची एक बाजू एक बोलेल आणि दुसरी दुसरंच. मधली भोकं आणि खाच तशीच ठेवा, कारण शिम कॅपच्या खुंट्यांवर नीट बसतो तो त्यांच्यामुळेच.

कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच, यात तडजोड नको. ब्लेडचं पोलाद कडक आणि ठिसूळ असतं, कात्रीत कधी सरळ कापलं जातं तर कधी तडकन तुकडा उडतो. ब्लेड त्याच्या कागदी वेष्टनातच ठेवून कापावं, म्हणजे तुकडे आत राहतात. चांगली कात्री वाया घालवू नका, पत्रा कापायची घ्या. पकडीने वाकवून धार मोडायची सोपी वाटणारी युक्ती करू नका, त्यात कड वेडीवाकडी तुटते. कापून झाल्यावर कडेवर बारीक काटे उभे राहतात. सपाट जागेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर शिम घासला की ते जातात. शिमला बाक आला असेल तर तो त्याच वेळी सरळ करून घ्या. कापलेल्या धारेच्या पट्ट्या उघड्या कचऱ्यात टाकू नका.

पोलाद कापायचंच नसेल तर शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा चालतो. तोही साधारण तेवढाच जाड आणि साध्या कात्रीने कापता येतो. भोकं मात्र जुन्या ब्लेडवरून आखून पाडावी लागतात आणि तिथेच काम बिघडतं. मला वैयक्तिकरीत्या जुनं ब्लेड बरं वाटतं. अगदी थोडाच फरक हवा असेल तर ०.०५ मिमीचा पितळी किंवा स्टेनलेस पत्रा मिळतो, पण त्यालाही भोकांची कटकट आहेच.

बसवताना कॅप उलटी धरा, खुंट्यांवर आधी ब्लेड, त्यावर शिम, मग बेस प्लेट आणि हँडल. आट्यांची काळजी नको. बहुतेक आधुनिक हँडलचा आटा एम५, म्हणजे ५ मिमी व्यासाचा असतो, त्यात एक पूर्ण फेरा ०.८ मिमीचा, म्हणजे एका शिममुळे हँडल जेमतेम अष्टमांश फेरा कमी बसेल. घट्ट करून झाल्यावर उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी धार सारखी दिसते का आणि शिमची कड कुठे डोकावत नाही ना, ते बघा.

पहिल्या दाढीला फक्त सुलटा हात, तोही वजन न देता. मवाळ रेझरची सवय झालेले नकळत दाबतात, कारण आजवर दाबल्याशिवाय तो कापत नव्हता. शिम लावल्यावर गार्ड आणि धार यांच्यामध्ये कातडी जास्त फुगून येते, आणि तिथे दाब दिला की रक्त निघालंच. हँडलचा कोनही नव्याने शोधावा लागेल. पूर्वीचा नेहमीचा कोन आता थोडा चुकतो, हँडल जरा वरखाली करत केस कापल्याचा आवाज कुठे येतो ते ऐका. वरचा ओठ आणि गळ्याची घाटी शेवटी घ्या.

दाढी कुरळी असेल आणि मानेवर केस आत वळून पुटकुळ्या येत असतील, तर हा प्रयोग करू नका. अशा त्वचेला फार खोलवर केलेली दाढीच बाधते, तिथे मवाळ रेझर हाच मित्र.

शिम कॅप आणि ब्लेड यांच्यामध्ये घातला तर काय, असंही तुमच्या मनात येईल. तिथे परिणाम उलटा होतो. ब्लेड आणि बेस प्लेट जिथल्या तिथे राहतात, म्हणून गॅप बदलत नाही, पण कॅप वर उचलली जाते आणि धार रेषेच्या आत जाते. म्युलेच्या आर४१ सारखा जहाल रेझर ज्यांना झेपत नाही, ते ही युक्ती वापरतात. तुमचं दुखणं वेगळं आहे, तेव्हा शिम बेस प्लेटच्याच बाजूला राहू द्या.

दाढी झाल्यावर रेझर खोलून शिम वेगळा पुसून ठेवा. ब्लेड आणि शिमच्या मधल्या सापटीत साबण आणि पाणी अडकून राहतं, आणि कापलेली कड गंजायला वेळ लागत नाही. आणि तुमच्याकडे पुढेमागे दरवाजे उघडणारा फुलपाखरी रेझर आला तर त्यात शिम घालताना खालची घुंडी जोर लावून पिळू नका. दरवाजे पूर्ण मिटत नसतील तर शिम काढून टाका, कारण तिथे ब्लेडला वरून दाबून धरायचं काम त्या दरवाज्यांचंच असतं.