सगळ्यांबरोबर माझीही मान का डोलली?

*ताई, इंदूरला सुदामानगरात आमचं महिला मंडळ आहे. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाची यादी करताना शेजारच्या काकूंचं नाव निघालं. काका मागच्या पावसाळ्यात गेले. एक जण म्हणाली, "बोलावलं तर त्यांनाच अवघड होईल." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा. लग्न होऊन इथे आले तेव्हा हलव्याचे दागिने करायला मला काकूंनीच शिकवलं होतं. त्यांचं नाव गाळणं मला मुळीच पटलेलं नाही. मग मी गप्प का बसले? मी इतकी भित्री आहे का? – एक वाचक*

अगं, भित्री म्हणून स्वतःला मोडीत काढू नकोस. तुझं जे झालं ते भल्याभल्यांचं होतं.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग केला. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी कोणती, इतकंच सांगायचं. एकट्याने पाहिलं तर चूक जवळजवळ होतच नसे. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले होते आणि ते ठरवून एकच चुकीचं उत्तर मोठ्याने देत. अशा फेऱ्यांत साधारण एक तृतीयांश उत्तरं गटामागे गेली. चारांतल्या तिघांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना दिसत होतं ते सोडून दिलं. तेही परक्या माणसांसमोर, नुसत्या रेघांसाठी! तुझ्यासमोर तर रोज तोंड दाखवायचं अशा बायका होत्या. कदाचित सासूबाईंच्या मैत्रिणीही असतील.

मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी 1955 साली अशा वागण्यामागची दोन कारणं वेगळी करून दाखवली. एक, इतक्या जणी म्हणतात तर त्यांना जास्त कळत असेल. दुसरं, वेगळं बोललं तर आपण यांच्यातल्या उरणार नाही. बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुनेला तर दोन्ही एकदम लागू होतात: 'इथली पद्धत असेल' आणि 'मी कोण सांगणार?'

आता मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ऐक. तुझी डोललेली मान इतरांनीही पाहिली. त्यांच्यातल्या एखाद-दोघींना आतून तुझ्यासारखंच वाटत असेल, पण तुझ्याकडे बघून त्यांनी ठरवलं असेल की आपणच एकट्या वेगळ्या आहोत. अशाने जे कुणालाच नको असतं तेही एकमताने पास होतं.

अ‍ॅशच्या प्रयोगात खरं उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी गटामागे जाणारी उत्तरं सुमारे पाव उरली. म्हणून बैठकीत एकटीने उठून भाषण करू नकोस. आधी जिच्याशी मोकळं बोलता येतं अशा एकीच्या घरी जा आणि सरळ विचार, "काकूंना वगळलं ते तुला पटलं का?" ती हो म्हणाली तर दुसरीकडे जा.

पण सगळ्यांत आधी काकूंकडे जा. त्यांना अवघड होईल हे त्यांना न विचारताच ठरलं, आणि या सगळ्यातली मला खरी बोचणारी गोष्ट हीच आहे. बोलणारीचा हेतू वाईट नसेलही, पण ज्या बाईने अर्ध्या कॉलनीला दागिने करायला शिकवलं, तिला काय झेपेल हे इतरांनी का सांगायचं? त्या नको म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय, आग्रह करू नकोस. येते म्हणाल्या तर हळदीकुंकू, तिळगूळ, वाण सगळं इतरांसारखंच द्यायचं. कोपऱ्यात बसवून नुसता तिळगूळ हातावर ठेवणं म्हणजे बोलावून अपमान करणं.

"पद्धत नाही" असं कुणी म्हणालंच, तर सांग की 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एक खेडं हे करू शकतं तर सुदामानगराला का जमू नये? तरीही कुजबुज चालूच राहिली तर चिठ्ठ्यांवर मत मागव. उत्तर सगळ्यांसमोर न बोलता लिहून दिलं की गटाचा दाब बराच कमी होतो, हेही अ‍ॅशला दिसलं होतं.

आणि हे सगळं यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडायच्या आत कर. एकदा चारचौघांत होकार दिला की लोक तो सहसा मागे घेत नाहीत, आणि यादीखाली एकेकीचे अंगठे उमटू लागले की तुझ्या बाजूची बाईसुद्धा मागे फिरायला कचरेल.