पिल्लू क्रेटमध्येच घाण करतंय

प्रश्न : आम्ही अडीच महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय, नाव मोती. शी-शूची शिस्त लागावी म्हणून क्रेट, म्हणजे कुत्र्याचा जाळीचा पिंजरा घेतला, तोही मोठं झाल्यावर पुरेल असा. रात्री 11 ला आत ठेवतो, सकाळी 6 ला काढतो. रोज एका कोपऱ्यात घाण केलेली असते. सासरे म्हणतात, मुक्या जिवाला कोंडून पाप घेऊ नका. क्रेट काढून टाकू का?
— एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, क्रेट काढू नका, आतली जागा कमी करा. पिल्लू जिथं झोपतं तिथं सहसा घाण करत नाही. सगळी पद्धत यावरच उभी आहे. मोतीला मात्र एका कोपऱ्यात झोपून दुसऱ्या कोपऱ्यात उरकता येतंय. उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा ठेवा. मध्ये लावायची जाळी मिळते, नाहीतर एक फळी घट्ट बसवा आणि तो वाढेल तशी मागे सरकवा.

दुसरं, सात तास त्याला धरवणारच नाही. या वयात दिवसा दोन-तीन तास, रात्री थोडं जास्त. म्हणून मध्यरात्री एकदा गजर लावून उठा. लाड नाहीत, खेळ नाही. ठरलेल्या जागी न्या, उरकलं की तिथंच शाबासकी आणि परत आत. दिवसा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच न्या. जमीन हुंगत गोल फिरायला लागला की उचलाच.

नेणार कुठं? रंकाळ्यावर आत्ता नको, गल्लीतल्या कुत्र्यांच्या जागेवरही नको. लसींचा शेवटचा डोस पिल्लू साधारण 16 आठवड्यांचं झाल्यावर होतो, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पेठेतल्या घरांना अंगण कुठलं. गच्चीवर पत्र्याखाली कुंडीतली माती भरलेला ट्रे ठेवा, पावसाळ्यातही अडणार नाही.

आत घाण झालीच तर ओरडू नका, नाक तर अजिबात घासू नका. तो एवढंच शिकेल की तुमच्यासमोर करायचं नाही, आणि सोफ्यामागे जाऊन करेल.

सासऱ्यांचं म्हणणं मला मोडीत काढायचं नाही. पहिल्याच दिवशी दार लावलं, खोडी केली की आत टाकलं, तर तो तुरुंगच. दार उघडं ठेवून जेवण आतच द्या, आणि खाऊ टाकायचं काम सासऱ्यांनाच द्या. आपणहून आत जाऊन झोपायला लागला की मग दार लावा, तेही आधी थोडाच वेळ.

आणि त्याला गंगावेशच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध पाजताय का? मायेनं देतात, पण पिल्लांना ते पचत नाही, पोट बिघडतं, मग कुठलीच शिस्त टिकत नाही. दूध थांबवा. तरीही जुलाब राहिले, सोबत उलट्या झाल्या किंवा मोती मलूल पडला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा.