वाल पिवळा दिसला म्हणून युरिया फेकू नका

भात निघालं, वाल-कुळीथ-चवळी पेरून झाली, की डिसेंबरात शेतकऱ्यांचे फोन सुरू होतात. यंदा आलेले तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण तिन्हींत खत-औषधांचा दुकानदार आहे आणि तिन्हींचं उत्तर मुळावरच्या गाठीत, म्हणजे जिवाणूंच्या घरात आहे.

रोहा तालुक्यातून विचारलंय : "वाल पेरून वीस दिवस झाले, पानं फिकट आहेत. दुकानदार म्हणतो गुंठ्याला दोन किलो युरिया टाक, आठ दिवसांत काळोखी येईल. टाकू का?"

नको. वीस दिवसांचा वाल फिकट दिसणारच. दाण्यातली शिदोरी संपलेली असते आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. पेरताना गुंठ्याला किलोभर डीएपी खत दिलं असेल, तर त्यातलं नत्र या मधल्या दिवसांसाठीच आहे. हिरव्या पानावर पिवळे ठिपके-चट्टे असतील तर तो रोग, त्याचा फोटो पाठवा. सगळं रान सारखं फिकट असेल तर दहा दिवस थांबा.

युरियाने काळोखी येते, हे दुकानदार खरंच सांगतो. पुढचं सांगत नाही. गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र झाडाला देतात, पण फुकट राबत नाहीत. झाड त्यांना साखर पुरवतं, आणि तो खर्च मोठा आहे. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड नवीन गाठी धरत नाही आणि असलेल्या गाठींचं काम मंदावतं. युरिया महिन्याभरात संपतो, मग ऐन फुलोऱ्यात झाडाकडे ना युरिया ना गाठी. वेल मांडवभर, शेंगा चार. दोन वर्षांपूर्वी एका शेतात असा वाल पाहिला. घरच्यांना पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंगा विकत आणाव्या लागल्या, आणि तेही रायगडात!

गुहागरहून : "कुळथाला जिवाणूचं एक पाकीट सांगता, दुकानदार म्हणतो तीन लाव, गाठी तिप्पट येतील. हरभऱ्याचं पाकीट शिल्लक आहे, तेच देतोय."

आधी हरभऱ्याचं पाकीट परत करा. हरभऱ्याचा जिवाणू कुळथाच्या मुळाशी ओळख ठेवत नाही. कुळीथ, चवळी, मूग, वाल यांना चवळी गटाचा रायझोबियम जिवाणू लागतो. पाकिटावर पिकाचं नाव आणि मुदत वाचा. उन्हात तापलेल्या काउंटरवरचं पाकीट असेल तर तुम्ही काळी भुकटी विकत घेताय, जिवाणू नाही.

आता तिप्पट गाठींचं. किती गाठी धरायच्या हे पाकीट ठरवत नाही, झाड ठरवतं, आणि तेही मुळात नाही, पानात. पहिल्या गाठी धरल्या की मुळाकडून वर निरोप जातो, पान हिशेब करतं आणि खाली कळवतं : पुरे. 1985 साली ऑस्ट्रेलियात सोयाबीनची अशी रोपं मिळाली की ज्यांचा हा हिशेबच बिघडला होता. मुळं गाठींनी लगडलेली, झाड मात्र खुरटं, कारण सगळी साखर गाठीच खात होत्या. पुढे शास्त्रज्ञांनी कलमं बांधली. बिघडलेल्या मुळावर चांगल्या रोपाचा शेंडा बांधला, तर गाठी बेताच्या आल्या. चांगल्या मुळावर बिघडलेला शेंडा बांधला, तर गाठीच गाठी. हापूसची कलमं बांधणाऱ्याला यात काय ते लगेच कळेल : चावी शेंड्याकडे आहे.

झाड कामचुकारही ओळखतं. सोयाबीनवरच्याच एका प्रयोगात काही गाठींभोवतीच्या हवेतून नत्र काढून घेतलं, म्हणजे जिवाणूंना काम करताच येईना. त्या गाठींचा प्राणवायू झाडाने आवळला आणि आतले जिवाणू कमी वाढले. एवढा चोख कारभार चालू असताना तीन पाकिटं कशाला?

एकच लावा, पण लावाच. चार महिने पाणी साचलेल्या भातखाचरात हे जिवाणू कमी उरतात. दहा किलो बियाण्याला 250 ग्रॅम. गुळाचं गार पाणी शिंपडून सुपात हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. दोन्ही एकत्र कालवून देणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. युरियात मिसळून तर नकोच नको.

आपल्या जांभ्या जमिनीचं एक वेगळं दुखणं आहे. आम्लता जास्त असली की मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य अडकून राहतं, आणि त्याच्याशिवाय गाठीचं यंत्र चालत नाही. माती तपासा, सामू (आम्लतेचं माप, जितका कमी तितकी आम्लता जास्त) साडेपाचच्या खाली असेल तर अहवालाप्रमाणे चुना द्या, पेरणीच्या बरेच आधी.

कुडाळहून : "चवळी उपटली तर मुळांना गाठी दिसल्या. दुकानदाराने सूत्रकृमी म्हणून दाणेदार औषध दिलंय. कधी टाकू?"

टाकू नका, आधी बघा. मी प्रत्येकाला हेच सांगतो आणि फार थोडे करतात : पेरणीनंतर महिन्याभराने दोन-तीन रोपं उपटू नका, खुरप्याने मातीसकट काढा आणि पाण्यात धुवा. उपटलं की बऱ्याच गाठी जमिनीतच राहतात. मग अंगठ्याने गाठ ढकला. चटकन सुटली तर ती जिवाणूची. सूत्रकृमीची, म्हणजे मुळात शिरणाऱ्या बारीक कृमीची गाठ सुटत नाही, मूळच सुजलेलं असतं. सुटलेली गाठ नखाने फोडा. आत कोकमाच्या सारासारखा गुलाबी-लाल रंग असेल तर काम जोरात चालू आहे. पांढरी असेल तर गाठ निकामी. हिरवट असेल तर तिचं आयुष्य संपलं, शेंगा भरताना तसं होतंच.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत फोडलेली गाठ लाल दिसतेय. म्हणजे तुमच्या घरच्या मजुरांवरच विष टाकायला निघाला होतात, तेही तोडणीला आलेल्या भाजीत. औषधाची पिशवी फोडली नसेल तर आजच परत करा, पावती घेऊन जा.